दि. बा. पाटील नेमके कुठून आणि किती वेळा निवडून आले? (मिसळीची पैज लागली आहे)

सांगलीचा_कोपरखैरणेकर

राम राम मंडळी. मी मूळचा सांगलीकडचा, नऊ वर्षं कोपरखैरण्यात आहे. नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव देण्यावरून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रात्री साडेअकराला जुंपली. एक गृहस्थ म्हणाले, ‘दि. बा. कुलाब्याचे खासदार होते, मुंबईच्या माणसाचं नाव इकडे कशाला?’ मी म्हटलं, अहो, ते पनवेलचे आमदार होते. ते म्हणाले, असतील एखाद्या वेळी. मी म्हटलं, पाच वेळा. झालं, पैज लागली. हरेल त्याने दोघांना ठाण्याला नेऊन मिसळ खिलवायची.

आता मला वर्षांसकट यादी हवी. माझ्याकडची अशी: आमदार 1957, 1962, 1967, 1972, 1980. खासदार 1977 आणि 1984. चुकत असेन तर आत्ताच सांगा, म्हणजे पाकीट भरून निघतो.

आणखी एक प्रश्न मला खरोखरच पडलाय. डिसेंबर 1984 ला, इंदिराबाईंच्या हत्येनंतर, काँग्रेसवाल्यांना प्रचार न करता निवडून येता येत होतं म्हणतात. त्या लाटेत शेकापचा, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा, माणूस लोकसभेवर कसा गेला?

मामलेदार_तिखट

मिसळ असेल तर पंच म्हणून मी येतो. माहिती शून्य, भूक भरपूर.

आकडेमोड्या

यादी बरोबर आहे, पाकीट घरी ठेवा. पण त्या यादीत गमती आहेत, त्या सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही.

पहिली: 1957 ला ते निवडून आले तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं. ती द्विभाषिक मुंबई राज्याची विधानसभा. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती आणि शेकाप समितीत होता. म्हणजे हा माणूस राज्याच्या आधीपासून आमदार.

दुसरी: 1972. काँग्रेसला 270 पैकी 222 जागा. विरोधकांत सगळ्यात मोठा पक्ष शेकाप, आणि त्याचे आमदार किती? सात! त्या सातांच्या जोरावर दि. बा. विरोधी पक्षनेते झाले, ते 1977 ला दिल्लीला जाईपर्यंत. मधे आणीबाणीत तुरुंगातही जाऊन आले. 1982-83 मध्ये पुन्हा तेच पद. आणि 2024 च्या निवडणुकीनंतर 20 आमदारांचा सर्वांत मोठा विरोधी पक्ष असूनही ती खुर्ची कितीतरी महिने रिकामी. सातात भागलं, विसात भागेना.

तिसरी: पनवेल मतदारसंघात तेव्हा उरणही होतं. उरण वेगळं झालं 2009 च्या फेररचनेत. म्हणून जासईत जन्मलेला माणूस ‘पनवेलचा’ आमदार.

पामबीच_पायी

कुलाब्याचं आधी कुणीतरी सांगा. मी वीस वर्षं कुलाबा म्हणजे कफ परेडच्या पलीकडचा, असंच धरून चालले होते. कुणाला सांगू नका.

आकडेमोड्या

@पामबीच_पायी, सांगत नाही, इथे फक्त चार हजार सभासद आहेत.

अलिबागचा किल्ला तो कुलाबा. त्याच्या नावाचा जिल्हा, त्याचा 1981 ला रायगड झाला. पण लोकसभा मतदारसंघाचं नाव मात्र 2009 पर्यंत कुलाबाच राहिलं. आता रायगड मतदारसंघ आहे, आणि पनवेल-उरण त्यातून निघून मावळात गेलेत. म्हणजे दि. बां.नी जी जागा दोनदा जिंकली ती आज नकाशावर शोधायला गेलात तर अर्धी घाटाखाली आणि अर्धी पिंपरी-चिंचवडच्या गळ्यात गळा घालून.

सांगलीचा_कोपरखैरणेकर

जबरदस्त. हा परिच्छेद जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. तिकडून अजून एक अंगठासुद्धा नाही.

थोडं_उलट

पाच वेळा आमदार यात एवढं काय? गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा. तेही शेकापच.

मामलेदार_तिखट

अकरा म्हटल्यावर मिसळीत एक्स्ट्रा पाव.

वाशीकर_मास्तर

गणपतरावांचा विषय निघालाच आहे तर, तेही दोनदा पडले, 1972 आणि 1995. 1977 ला दि. बा. लोकसभेवर गेल्यावर विरोधी पक्षनेतेपद त्यांच्याकडेच आलं होतं. ही माणसं एका मुशीतली. एसटीने येणार, विधानभवनात कागद काढून बोलणार. त्यांची संख्या कमी आणि आवाज मोठा, कारण तयारी असायची. दि. बा. वकील होते, जमिनीचा कायदा त्यांना पाठ.

शेकाप रायगडात का रुजला याचंही मूळ आहे. चरीचा संप, 1933 पासून सहा वर्षं. खोतांच्या विरोधात कुळांनी शेतीच केली नाही. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. ज्या मुलखाने आपलं शेत आपण ओस टाकून सहा वर्षं काढली, त्याला बंदुकीची भीती दाखवणं अवघड जातं. 1984 चा विषय पुढे येईलच म्हणून आधी हे लिहून ठेवलं.

गावठाणातला

मी घणसोलीचा, गावातला, सेक्टरमधला नव्हे. धागाकर्त्याच्या ग्रुपवरच्या काकांचा प्रश्न आम्हालाही दर महिन्याला विचारला जातो: दि. बा. पनवेल-उरणचे, ठाणे जिल्ह्यातून एकदाही उभे नव्हते, मग तुमच्या नाक्यावर त्यांचा फोटो का?

सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आली 1970 ला. ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतली 95 गावं त्यात धरली. जमीन जाताना तालुका कुठला, आमदार कुणाचा, हे बघितलं नव्हतं. मग जमिनीसाठी बोलणारा माणूस तरी आम्ही मतदारसंघ बघून का धरायचा?

आमच्या आज्याने दि. बां.ना आयुष्यात एकदाही मत दिलेलं नाही, देताच येत नव्हतं. तरी देवघराच्या बाजूला फोटो त्यांचाच.

आज्याची गोष्ट सांगतो. तो कूळ. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने जमीन त्याच्या नावावर व्हायची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी दि. बा. पहिल्यांदा निवडून आले, हे मला आकडेमोड्यांचं वाचून आत्ता लक्षात आलं. सातबाऱ्यावर नाव चढलं तेव्हा आज्याने म्हणे गावाला कोंबडी घातली होती. शाई नीट वाळायच्या आत सिडकोची नोटीस. तेरा वर्षं जमीन मालकीची, त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या कुळाची, त्यानंतर सेक्टर.

पामबीच_पायी

@गावठाणातला, ‘त्यानंतर सेक्टर’ वाचून गप्प झाले. मी राहते तो सेक्टरच आहे.

गावठाणातला

अहो ताई, तुमच्यावर राग नाही. तुम्ही घर विकत घेतलंय. आमच्यातले निम्मे तुमच्या सेक्टरात किराणा विकूनच जगले.

थोडं_उलट

भावना समजू शकतो, पण हिशेबावर या. दि. बां.चं सगळ्यात मोठं काम म्हणून साडेबारा टक्के सांगतात, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. त्याने शेतकरी उभा राहिला की बिल्डर? निम्म्याहून जास्त भूखंड त्रिपक्षीय करार (सिडको, शेतकरी, बिल्डर) करून विकले गेले. आमच्या ओळखीतल्या एकाने भूखंडाच्या पैशात गाडी घेतली, हळदीला चार डीजे लावले, आता त्याच भूखंडावरच्या इमारतीत वॉचमन आहे. आंदोलन जिंकलं म्हणायचं का मग?

गावठाणातला

@थोडं_उलट, ‘निम्म्याहून जास्त’ हा आकडा कुठून आणला ते माहीत नाही, पण वॉचमनची गोष्ट खरी असणार, असे आमच्याकडेही आहेत. पण हिशेब म्हणालात म्हणून पूर्ण हिशेब घ्या.

एक एकर म्हणजे 40 गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे 5 गुंठे. त्यातले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी कापले जातात, म्हणजे दीड गुंठा. हातात राहिले साडेतीन गुंठे. तोंडाने साडेबारा म्हणायचं, मोजायला बसलं की पावणेनऊ. आमच्याकडे लहान पोरालासुद्धा हे गणित येतं, बाकीची नाही आली तरी.

आज्याची दोन एकर गेली. म्हणजे सात गुंठे. वारस नऊ: पाच भाऊ, चार बहिणी. आमच्या ओटीवर एका दुपारी त्या सात गुंठ्यांसाठी जे भांडण झालं ते मी खिडकीतून बघितलंय. धाकट्या आत्याने हिस्सा मागितला म्हणून मोठ्या काकाने चहाचा कप अंगणात फेकला. कपाचा कान आमच्या कुंपणाच्या दगडात अडकून किती वर्षं तसाच होता. शेवटी विकलं, नऊ वाटे झाले. आता सांगा, विकलं नसतं तर त्यावर नऊ घरं कशी बांधली असती? मग गावातच एकावर एक मजले चढवले, आणि त्याला नाव पडलं ‘गरजेपोटी’.

तो भूखंड मिळालाच नसता तर काय? बाकीच्या महाराष्ट्रात धरणात, कारखान्यात जमिनी गेल्या, तिथे किती जणांना विकसित जमीन परत मिळाली? ते विचारा आणि मग बिल्डर मोजा.

उरणची_लेक

मी सासरी ऐरोलीला, माहेर उरण तालुक्यात. मोठं लिहिणार आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी मिसळीकडे वळावं.

16 आणि 17 जानेवारी 1984. सिडकोत गेलेल्या जमिनींसाठी दि. बां.चं आंदोलन. पहिल्या दिवशी दास्तान फाट्याला, दुसऱ्या दिवशी नवघरला पोलिसांचा गोळीबार. पाच शेतकरी गेले. आई तेव्हा एकोणीस वर्षांची, लग्न ठरलेलं. ती सांगायची, ‘आमी बाया पुढं होतो. बायांवर हात टाकणार नाय असं वाटलेलं.’ तिच्या एका पायातली चप्पल चिखलात राहिली ती राहिलीच. ती एका चपलेवर घरी आली. आजी रागावली ते चपलेवरून, कारण चप्पल लग्नासाठी नवी घेतली होती. बाकी कशावर बोलायची तिची हिंमतच झाली नाही त्या रात्री.

माझ्या लहानपणी आम्ही दर 16 तारखेला जासईच्या स्मारकाला आणि 17 ला पागोट्याला जायचो. मुलांना ते जत्रेसारखं वाटायचं, खरं सांगते. मोठ्यांची भाषणं, आम्ही बोरं खात मागे. दि. बा. बोलायला उठले की मात्र मागचेही गप्प. उंच आवाज नव्हता. तारखा, कलमं, एकरी भाव असं सांगत जायचे, आणि बायका समजल्यासारख्या माना हलवायच्या. समजायचंच त्यांना. जमीन त्यांची होती.

साडेबाराचा शासन निर्णय आला 1990 ला. सहा वर्षं गेली मधे. तोपर्यंत 1989 ची लोकसभा होऊन गेली होती आणि जागा काँग्रेसच्या अंतुल्यांनी नेली होती. ज्यांच्या आंदोलनाने मिळालं त्यांच्या हातात ते मिळताना ना आमदारकी, ना खासदारकी.

मामलेदार_तिखट

मिसळ थंड झाली. वाचतोय ताई.

थोडं_उलट

@उरणची_लेक, मनापासून लिहिलंत. पण एक राहिलं. 1999 ला ते शिवसेनेत गेले. आयुष्यभर लाल बावटा, आणि शेवटी भगवा? त्यावर कुणीच बोलत नाही. फोटो लावताना ते वर्ष कापायचं?

वाशीकर_मास्तर

का कापायचं? झालं ते झालं. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, आजही पटलेलं नाही. पण त्या वर्षांत आपल्या पक्षात राहिलेले किती आणि हललेले किती, हे नवी मुंबईकरांनी तरी दुसऱ्याला विचारू नये. आमच्या वॉर्डातल्या नगरसेवकाच्या घरी झेंडे ठेवायला वेगळं कपाट आहे.

सेक्टर_सतरा

अहो पण विमानतळाचं नाव आधी बाळासाहेबांचंच ठरत होतं ना? म्हणजे शिवसेनेत गेलेल्या माणसाच्या नावासाठी शिवसेनाप्रमुखांच्या नावाला विरोध? माझं डोकं गरगरतंय.

आकडेमोड्या

गरगरू द्या, क्रम सांगतो. 2021 ला सिडकोने बाळासाहेबांच्या नावाचा ठराव केला. 10 जून 2021 ला भूमिपुत्रांची मानवी साखळी, 24 जूनला, म्हणजे दि. बां.च्या स्मृतिदिनी, बेलापूरला सिडकोला घेराव. 29 जून 2022 ला उद्धव ठाकरे सरकारनेच जाता जाता दि. बां.च्या नावाला मंजुरी दिली. पुढच्याच महिन्यात शिंदे सरकारने तो निर्णय पुन्हा घेतला. ऑगस्टमध्ये विधिमंडळाचा ठराव. एकाच नावाला दोन सरकारांनी तीन आठवड्यांत दोनदा मंजुरी दिली, हाही विक्रमच. विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला.

सेक्टर_सतरा

पण हे सगळं एका जातीचं राजकारण...

संपादक

@सेक्टर_सतरा, तुमच्या प्रतिसादातली पुढची चार वाक्यं काढली आहेत. धागा निवडणुकांवर आहे. जातीवरून कुणी कुणाला उद्देशून लिहिलं तर धागा वाचनमात्र होईल.

मामलेदार_तिखट

मिसळ वाचनमात्र होऊ नये एवढीच प्रार्थना.

पामबीच_पायी

मूळ प्रश्नाचं उत्तर अजून आलंच नाही. 1984 ला जिंकले कसे?

आकडेमोड्या

आलो. उत्तर माझ्याकडे आहे आणि ते कुणाला आवडणार नाही.

कुलाब्याची लोकसभा बघा. 1952 काँग्रेस (चिंतामणराव देशमुख, तेच ते अर्थमंत्री). 1957 शेकाप. 1962 काँग्रेस. 1967 शेकाप. 1971 काँग्रेस. 1977 शेकाप, दि. बा. 1980 काँग्रेस. 1984 शेकाप, दि. बा. 1989 काँग्रेस. नऊ निवडणुका, एकदाही चूक नाही. एकदा हा, एकदा तो. तेव्हा 1984 ला शेकापची पाळी होती, संपला विषय. लाट वगैरे ठाण्याला आली असेल, कुलाब्यात भरती-ओहोटीचंच वेळापत्रक चालतं.

गावठाणातला

आकडेमोड्या, तुम्ही आकड्यांची मोड करता हे नावातच आहे.

सांगलीचा_कोपरखैरणेकर

हे भारी आहे! पण खरं वाटत नाहीये. योगायोगाने माणूस लोकसभेत जातो?

वाशीकर_मास्तर

आकडेमोड्यांचा झोका सुंदर आहे, पण झोक्याला ढकलणारं कोण ते बघा. 1957 ला संयुक्त महाराष्ट्राचं वारं. 1967 ला देशभर काँग्रेस खाली आली. 1977 ला आणीबाणीचा राग. तिन्ही वेळा शेकाप वाऱ्याच्या बाजूने होता. 1984 ला वारा बरोब्बर उलटा. महाराष्ट्रात 48 पैकी 43 जागा काँग्रेसला. उरलेल्या पाचांत कोण? बारामतीला शरद पवार, औरंगाबादला त्यांच्याच समाजवादी काँग्रेसचा उमेदवार, राजापूरला मधु दंडवते, मुंबईत गिरणी संपाचे दत्ता सामंत, आणि कुलाब्यात दि. बा. ही पाच नावं एका ओळीत वाचली की झोका आपोआप थांबतो.

मी तेव्हा उरण भागात शाळेवर होतो, नोकरीचं तिसरं वर्ष. मतदान केंद्रावर ड्यूटी लागली. डिसेंबरचा शेवट, भाताची झोडणी चाललेली. आमच्या केंद्रावर सकाळी पहिला तास शुकशुकाट. केंद्राध्यक्ष म्हणाले, आज लवकर सुटू. मग साडेनऊच्या सुमाराला खळ्यावरून बायका आल्या, एकदम, एका रांगेत, डोक्याला फडकी तशीच, केसांत भाताचं कूस. बोटाला शाई लावायला हात धरावा तर हात धुळीने इतका माखलेला की शाई धरेना. मी रुमालाने बोटं पुसून शाई लावत होतो. तिसाव्या-चाळिसाव्या बाईला रुमालच काळा झाला. कुणी काही बोलत नव्हतं. एरवी मतदानाला आलेल्या बायका किती हसतात-खिदळतात.

एक म्हातारी मतपत्रिका घेऊन आत गेली आणि बाहेर यायलाच तयार नाही. केंद्राध्यक्षांनी आवाज दिला. आतून म्हणाली, ‘शाई सुकू दे. घडी करून दुसऱ्याला लागायला नको.’

मतमोजणी माझ्याकडे नव्हती. पण निकाल ऐकून आमच्या शिक्षकांच्या खोलीत कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. ट्रान्झिस्टरवर बाकीच्या महाराष्ट्राचा निकाल ऐकून मात्र वाटलं.

आकडेमोड्या

मास्तर, झोका मागे घेतो. तरी 1989 च्या वेळी देशात काँग्रेस पडत असताना कुलाबा काँग्रेसकडे गेला हे विसरू नका. हा जिल्हा कुणाचंच ऐकत नाही.

उरणची_लेक

@वाशीकर_मास्तर, कुठलं केंद्र? गाव नका सांगू, फक्त खाडीच्या अलीकडचं की पलीकडचं एवढं सांगा. आईचं त्या आधीच लग्न झालं होतं, पण आजीचं मत तिकडेच होतं. शाईचं बोलणारी म्हातारी आमची असू शकते, तिचा स्वभाव तसाच.

वाशीकर_मास्तर

पलीकडचं. शाळेसमोर मिठागराचा बांध.

उरणची_लेक

मग नाही. आमचं अलीकडचं. पण हरकत नाही.

थोडं_उलट

बरं, मीही थोडं मागे येतो. बिल्डरवाला मुद्दा सोडत नाही, पण तो दि. बां.च्या खात्यात टाकणं बरोबर नव्हतं.

सांगलीचा_कोपरखैरणेकर

मंडळी, निकाल. आमचे काका सकाळी लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, ‘वाचलं सगळं. पाच मान्य. पण सिडकोने पनवेल आणि ठाणे एकत्र केलं नसतं तर तुमचा काय संबंध होता?’ मी म्हटलं, काका, सिडको नसती तर आपण दोघं या लिफ्टमध्ये नसतो. ते तिसऱ्या मजल्यावर उतरले. दुपारी मेसेज आला: रविवारी साडेआठ, ठाणे स्टेशन, पश्चिमेला, तिकीट ज्याचं त्याचं.

मामलेदार_तिखट

पंचांचं तिकीट कोण काढणार?

पामबीच_पायी

पंचांनी चालत यावं. पामबीचवरून निघा, शनिवारीच.